नमस्कार घालणारे राजेसाहेब

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी एखादे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा माझ्यासमोर थोर स्त्रियांची नावे प्रथम आली. परंतु गेले वर्षभर मंडळाच्या अंगणात मुलांचा जो सूर्यनमस्कारांचा वर्ग मी चालविते आहे, त्या वर्गाने मला दुसऱ्याच एका चरित्राकडे ओढून नेले. ते चरित्र म्हणजे औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे. या वर्गात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती उमगली ती या राजाचे चरित्र वाचताना. म्हणून राजेसाहेबांबरोबर थोडी माझीही हकीकत येथे येईल. त्याबद्दल भगिनींनी राग मानू नये.

बाळासाहेबांचे नाव मी प्रथम ऐकले ते माझ्या सासूबाईंच्या तोंडून. त्यांचे माहेर आटपाडीच्या बाजूचे. तो भाग तेव्हा औंध संस्थानात होता. शाळेत नमस्कार घालावेच लागत, त्यातून मुलींचीही सुटका नव्हती, असे त्या सांगत. लहानपणी त्यांना याचा फार कंटाळा असे. मात्र वयाच्या ऐंशीव्या वर्षीही पाटावरून उठताना त्यांनी कधी हात टेकला नाही. आम्ही सुना गुडघे धरून उठत असू आणि त्या आमच्याकडे पाहून मिस्कील हसत. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली.

औंध हे सातारा जिल्ह्यातील गाव, आज खटाव तालुक्यात आहे. गावाशेजारच्या डोंगरावर यमाईदेवीचे मूळपीठ आहे. ही देवी पंतप्रतिनिधींचे कुलदैवत. संस्थान अगदी लहान, अवघ्या 72 गावांचे. आणि तीही एका जागी नव्हेत. काही गावे औंधभोवती, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे, तर काही पार विजापूरच्या बाजूला गुणदाळास. माणदेशाचा बराचसा मुलूख त्यात येई. पाऊस कमी, जमीन हलकी आणि दुष्काळ पाचवीला पुजलेला. अशा गरीब संस्थानाच्या राजघराण्यात 24 ऑक्टोबर 1868 रोजी भवानरावांचा जन्म झाला.

ते थोरले चिरंजीव नव्हते, त्यामुळे गादी आपल्याकडे येईल असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. त्या काळी संस्थानिकांची मुले शिकारीत आणि मेजवान्यांत रमत. यांना मात्र चित्रे काढण्याचा, वाचनाचा आणि कीर्तनाचा नाद. वडिलांच्या हाताखाली त्यांनी कारभाराचे काम केले. पुढे घरात एकामागून एक उलथापालथी झाल्या आणि 1909 साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ते गादीवर बसले.

व्यायामाची त्यांना तरुणपणापासून हौस होती. त्या काळात युजेन सँडो या युरोपियन मल्लाचे नाव जगभर दुमदुमत होते. आपल्या शिकलेल्या तरुणांनाही त्याच्या डंबेल्सची भूल पडली होती. बाळासाहेबांनीही सँडोची साधने आणि पुस्तके आणविली आणि सुमारे दहा वर्षे ती पद्धत नेमाने केली. नंतर, 1908 च्या सुमारास, मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार आपल्याकडे नवे नव्हते. तालमीत ते घातले जात, आणि रथसप्तमीला किंवा नवसाला घालण्याची चालही होती. पण शिकलेल्या लोकांच्या लेखी तो भाविकांचा किंवा पहिलवानांचा प्रकार होता. बाळासाहेबांनी तो स्वतःच्या देहावर पारखून पाहिला आणि मग मरेपर्यंत सोडला नाही.

त्यांना यात काय सापडले, ते आपणा गृहिणींना लवकर पटेल. या व्यायामाला एक पैचाही खर्च नाही. साधने नकोत, तालीम नको, जोडीदार नको. अंगाएवढी सतरंजी पसरण्यापुरती जागा असली की झाले. दुष्काळी मुलुखाच्या राजाला आपल्या प्रजेसाठी नेमके असेच काही हवे होते. शेतकऱ्याच्या मुलाला डंबेल्स कुठून मिळणार?

बाळासाहेबांच्या पद्धतीत एका नमस्काराचे दहा अंक आहेत. पहिल्या अंकात हात जोडून ताठ उभे राहायचे. दुसऱ्यात कमरेतून वाकून तळहात जमिनीला टेकायचे. तिसऱ्यात एक पाय मागे, चौथ्यात दोन्ही पाय मागे. पाचव्यात साष्टांग. सहाव्यात छाती वर उचलून मान मागे. सातव्यात कंबर उंच. मग आठव्यात पाय पुढे, नवव्यात पुन्हा वाकणे आणि दहाव्यात ताठ उभे राहणे. यात पाठीचा कणा पुढेही वाकतो आणि मागेही. खांदे, मनगटे, मांड्या, पोटऱ्या सर्वांना काम पडते आणि श्वासाला लय लागते. सूर्याची बारा नावे बीजमंत्रांसह घेत हे नमस्कार घालावयाचे. मंत्रोच्चारानेही शरीराला लाभ होतो, असा त्यांचा विश्वास होता.

त्यांनी नमस्कारांवर मराठीत पुस्तक लिहिले, इंग्रजीतही लिहिले. 1936 साली ते इंग्लंडला गेले, तेव्हा लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची माहिती तिकडच्या वाचकांना करून दिली. साठी उलटलेल्या या राजाची कांती आणि ताठ पाठ पाहून लंडनच्या लोकांना नवल वाटले. त्याच बाईंनी संपादन केलेले त्यांचे पुस्तक 1938 मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाले. आज जगात कोठेही योगाचा वर्ग असो, सूर्यनमस्कार तेथे असतोच. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत मात्र तो या रूपात सापडत नाही. व्यायाम म्हणून त्याला घराघरांत आणि शाळाशाळांत नेण्याचे श्रेय ज्या थोड्या माणसांकडे जाते, त्यांत औंधच्या या राजाचे स्थान फार वरचे आहे.

त्यांनी नमस्कार एकट्या पुरुषांसाठी ठेवले नाहीत, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. राणीसाहेबही नमस्कार घालीत. मुले-मुलीही घालीत. आणि संस्थानातल्या शाळांत मुलग्यांबरोबर मुलींनाही ते घालणे सक्तीचे केले. ज्या काळी मुलगी शाळेत जाते हीच गावाला मोठी गोष्ट वाटे, त्या काळी तिने अंगणात व्यायाम करावा, असे एका राजाने ठरविले. आमच्या सासूबाईंचा ताठ कणा हे त्या हुकमाचेच फळ होते, असे मी समजते.

या राजाच्या छत्राखाली कितीतरी गुणी माणसे वाढली. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती. बाळासाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला, पैशाचेही साह्य केले आणि त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदांचे थोर अभ्यासक पंडित सातवळेकर औंधास राहून ग्रंथ लिहीत. आसनांवरही त्यांनी पुस्तके लिहिली आणि ते स्वतः शंभर वर्षे पाहून 1968 साली गेले. साने गुरुजींनी शालेय शिक्षणाचा काही काळ औंधास काढला. ग. दि. माडगूळकर याच संस्थानाच्या मातीतले आणि औंधच्याच शाळेत शिकलेले. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्यासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेला बाळासाहेबांनी लाख रुपयांची मदत देऊ केली. स्वतःच्या कुंचल्याने त्यांनी चित्ररामायण सजविले, ते 1916 साली निघाले. 1935 मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेले श्रीभवानी चित्रसंग्रहालय 1938 पासून आजही माणसे पाहावयास जातात.

आणि मग त्यांनी असे काही केले की जे राजे लोक सहसा करीत नाहीत. पुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन यांच्या खटपटीने व गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी 1939 साली राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. गावोगावच्या पंचायतींवर राज्य उभे करण्याचा तो प्रयोग होता. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंती नसलेला तुरुंग निघाला. कैद्यांनी तेथे शेती करावी आणि शब्दावर राहावे, अशी योजना. शांतारामबापूंचा 1957 चा दो आँखें बारह हाथ हा चित्रपट त्यावरूनच सुचलेला. त्याची कथा माडगूळकरांची.

येथे मला नेहमी एक कोडे पडत असे. ज्या राजाने कैद्याला भिंतीवाचून राहू दिले, प्रजेला सत्ता देऊन टाकली, त्यानेच लहान मुलांवर मात्र नमस्कारांची सक्ती का केली असेल? सासूबाईंना मी एकदा हे विचारले होते. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, मास्तर मास्तरात फरक होता. एक मास्तर हातात छडी घेऊन अंक मोजीत. त्यांच्या वेळी मुले मागच्या रांगेत दडत, अर्धेच वाकत आणि गुडघे टेकून वेळ मारून नेत. दुसरे मास्तर उपरणे बाजूला ठेवून स्वतः पहिल्या रांगेत नमस्कार घालीत. त्यांच्या वेळी कोणाला दडावेसे वाटत नसे. दुसरी गोष्ट त्यांनी जरा हळू आवाजात सांगितली. त्यांच्या शेजारी उभी राहणारी एक मैत्रीण दुष्काळाच्या साली पुष्कळदा रात्रीची उपाशीच शाळेत येई. पाचव्या अंकात ती जमिनीला टेकली की तिला लवकर उठवत नसे. सासूबाई तिला पदराआडून भाकरीचा तुकडा देत. नमस्काराने अंग बळकट होते हे खरे, पण अंगात आधी काहीतरी असावे लागते, असे त्या म्हणत.

बाळासाहेबांना हे ठाऊक नव्हते असे नाही. नमस्कारांच्या जोडीला साध्या, सकस आहाराचा उपदेश त्यांनी आपल्या लिखाणात आग्रहाने केला आहे. पण उपदेश पुस्तकात असतो आणि पाऊस आभाळात. माणदेशात दोन्ही वेळेवर पोचत नसत. नमस्कारांनी बहुतेक सारे आजार पळतात, असेही त्यांना वाटे. आजच्या वैद्यकशास्त्राला ते मान्य होणार नाही. नमस्कार हे औषध नव्हे. ज्या मुलाला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे, त्याला वर्गात उभे करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. मोठ्या माणसाच्या प्रेमात पडूनही त्याची चूक ती चूक म्हणावी, एवढे मी त्यांच्याच चरित्रातून शिकले. कारण स्वतःची सत्ता कमी करताना त्यांनी तेच केले होते.

आता माझी चूक सांगते. गेल्या रथसप्तमीला आपण वर्ग सुरू केला तेव्हा आळीतली चाळीस मुले आली होती. मला फार आनंद झाला आणि त्या आनंदात मी मास्तरीण झाले. खुर्ची टाकून बसायची आणि अंक मोजायची. माझे गुडघे दुखतात, ही सबब तयारच होती. कोणी उशिरा आले की त्याला पाच नमस्कार जास्त. कोणी बोलले की दहा जास्त. म्हणजे ज्याची मुलांना गोडी लागावी तीच गोष्ट मी त्यांना शिक्षा म्हणून देऊ लागले. एके सकाळी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी वाकताना मध्येच बसली. मला ती चुकारपणा करते असे वाटले. मी सर्वांसमोर तिला बोलले आणि दहा नमस्कार एकटीला घालावयास लावले. तिने ते घातले. डोळ्यांतून पाणी गळत होते, पण घातले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मग तिच्या मैत्रिणी येईनाशा झाल्या. चातुर्मास संपेपर्यंत वर्गात अकरा मुले उरली.

त्याच दिवसांत मी बाळासाहेबांचे चरित्र वाचावयास घेतले. वाचता वाचता माझे कोडे थोडे सुटले. या राजाने दुसऱ्याला जे सांगितले ते आधी आपल्या अंगाने केले होते. लोकांनी नमस्कार घालावे असे त्याला वाटले, तेव्हा तो स्वतः जमिनीला टेकला आणि वर्षानुवर्षे टेकत राहिला. त्याच्या हुकमामागे त्याची स्वतःची वाकलेली पाठ होती. ज्या गावच्या मास्तरांनी ती पाठ पाहिली त्यांनी मुले घडविली, आणि ज्यांनी केवळ हुकूम पाहिला त्यांनी छडी उचलली. मी दुसऱ्या जातीची निघाले होते.

मी त्या मुलीच्या घरी गेले. तिची आई पहाटेच कामाला बाहेर पडते. मुलगी उठून धाकट्या भावाचे आवरते आणि पोटात काही न घालताच वर्गाला येत होती. सासूबाईंची ती मैत्रीण इतक्या वर्षांनी माझ्याच अंगणात येऊन उभी राहिली होती आणि मी तिला ओळखले नव्हते. मी मुलीची क्षमा मागितली. साठी उलटलेल्या बाईने लहान मुलीपुढे असे बोलावे, याचे तिच्या आईला फार संकोचल्यासारखे झाले. पण मुलगी माझ्याकडे टक लावून पाहत राहिली आणि काहीच बोलली नाही.

त्यानंतर वर्गात मी तीन बदल केले. खुर्ची उचलून ठेवली. माझे गुडघे फार वाकत नाहीत, म्हणून मी बारा न घालता तीनच नमस्कार घालते, तेही सावकाश. पण मुलांच्या पहिल्या रांगेत. शिक्षेचे नमस्कार कायमचे बंद केले. ज्यांना सूर्याची नावे म्हणावयाची ती मुले नावे म्हणतात, ज्यांच्या घरी ती म्हणत नाहीत ती अंक मोजतात. त्याने कोणाचा कणा कमी वाकत नाही. आणि तिसरा बदल खाण्याचा. मुले आल्याबरोबर प्रत्येकाच्या हातावर एखादे केळे किंवा दोन खजूर, आणि वर्ग संपला की शेंगदाण्याचा लाडू. हे लाडू आपल्या मंडळाच्या भगिनी पाळीपाळीने करून देतात. नमस्कारांपूर्वी भरपेट खाऊ नये हे खरेच, पण रिकाम्या पोटी मुलाला भोवळ आणण्यात काही पुण्य नाही.

मुलांना याचा फायदा काय होतो, असे मला आया विचारतात. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगते. जी मुले पहिल्या महिन्यात गुडघे न वाकवता बोटे जमिनीला लावू शकत नव्हती, ती आता सहज तळहात टेकतात. पोक काढून बसणारा एक मुलगा खांदे मागे घेऊन बसू लागला आहे. सातव्या अंकात थरथरणारे हात आता थरथरत नाहीत. मुले वेळेवर झोपतात, कारण पहाटे उठावयाचे असते. आणि श्वासाकडे लक्ष देता देता काही वेळ तरी ती गप्प राहतात, ही गोष्ट घरातील आयांना सर्वांत चमत्काराची वाटते. मात्र मुलांना दिवसाकाठी तासभर तरी पळणे-खेळणे हवे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा सकाळी पंधरा मिनिटे नमस्कार घातले म्हणून संध्याकाळचे लंगडी-खोखो बंद करू नये.

औंध संस्थान 1948 साली मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेल्याचे दुःख बाळासाहेबांना फारसे झाले नसावे, कारण ते त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच लोकांना देऊन टाकले होते. 13 एप्रिल 1951 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांचे सिंहासन गेले, 72 गावांचा तो नकाशाही आज कोणाच्या स्मरणात नाही. पण सकाळच्या उन्हात कोठेतरी एखादे मूल हात जोडून उभे राहते आणि वाकते, तेव्हा औंधच्या राजाचे थोडेसे राज्य अजून चालू असते.

आज वर्गात सव्वीस मुले आहेत. चाळीस अजून झालेली नाहीत. ती मुलगी दिवाळीनंतर एक दिवस आली. प्रथम कठड्यावर बसून राहिली. मी तिला हाक मारली नाही. माझे तीन नमस्कार मी घालीत होते आणि तिसऱ्याला उठताना माझा गुडघा अडला. तेव्हा ती उठली, माझ्या शेजारी आली आणि मला हात दिला. मग तेथेच, पहिल्या रांगेत उभी राहिली. आता तिचा धाकटा भाऊही येतो.

येत्या रथसप्तमीला वर्गाला वर्ष पूर्ण होईल. त्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता मुलांना मंडळाच्या अंगणात पाठवा, अशी सर्व भगिनींना माझी विनंती आहे. आणि नुसते पाठवू नका, आपणही या. एकच नमस्कार घाला, पण मुलांच्या शेजारी उभे राहून घाला. मागे खुर्ची ठेवलेली नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.